फडताळातील हिरवी खूण

शके १९४५ मधील मार्गशीर्ष महिना, हेमंत ऋतू. इंग्रजी गणनेने सन २०२३ चा डिसेंबर. तळशिंगी नावाच्या तालुक्याच्या गावी त्या वर्षी थंडी उशिरा आली, परंतु आली ती ठाण मांडूनच. त्या गावात कालिंदी लोहोकरे नावाची एक हुशार मुलगी राहत असे. वय वर्षे अठ्ठावीस. दिवसा ती एका कंपनीचे संगणकाचे काम घरी बसून करी, आणि उरलेल्या वेळात तिने स्वतःची अशी एक वस्तू घडविली होती. त्या वस्तूवर तिची माया होती. त्याच वस्तूने त्या महिन्यात तिच्या तोंडचे पाणी पळविले.

ती वस्तू म्हणजे एक अ‍ॅप. त्याचे नाव ‘फडताळ’. गावच्या सार्वजनिक वाचनालयात ज्येष्ठ मंडळी रोज सकाळी जमत. वर्तमानपत्रे चाळून झाली की आपापल्या फोनवर वाचीत बसत. कोणी साप्ताहिक, कोणी पथ्यपाण्याची माहिती, कोणी पाककृती. आणि दुसऱ्या दिवशी साऱ्यांचा एकच शोध सुरू होई, ‘काल वाचलेला तो लेख गेला कुठे?’ कालिंदी याच वाचनालयाच्या बाकांवर वाढलेली. तिला वाटले, जुन्या घरांच्या भिंतीत फडताळ असे, तशी एक जागा यांना करून द्यावी. आवडले ते उचलावे आणि तेथे ठेवावे. मूळ ठिकाणी पुढे काहीही होवो, आपल्यापाशी ते राहावे.

गुढीपाडव्याच्या दिवशी तिने ते अ‍ॅप एकेकाच्या फोनवर बसवून दिले. लेखाखालचे ‘ठेवा’ हे बटण दाबले की संपूर्ण लेख उतरून फडताळात येई, आणि तो आला म्हणजे त्याच्या नावापुढे एक हिरवी खूण उमटे. पाहता पाहता बासष्ट वाचक झाले. ग्रंथपाल दिगंबरराव टोणगावकर यांनी दर्शनी फळ्यावर स्वतःच्या वळणदार अक्षरात ‘फडताळ: वाचनालयाचा उपक्रम’ असे लिहिले. त्यांनी अट एकच घातली.

“कोण काय वाचतो हे ग्रंथपालानं कुणाला सांगायचं नसतं, आणि स्वतःही चघळायचं नसतं. तुझ्या यंत्रालाही तोच नियम.”

कालिंदीने तो नियम पाळला. कोणी काय ठेवले हे तिलाही दिसत नसे. तिच्या यंत्रावर दिसत ते केवळ नोंदींचे क्रमांक आणि लेखांचे पत्ते.

एक अडचण मात्र होती. लेख उतरून खूण उमटेपर्यंत दहाबारा सेकंद जात. ज्येष्ठांना तेवढा धीर नव्हता. ते बटण पुन्हा दाबीत, मग आणखी एकदा दाबीत, आणि एकच लेख फडताळात चारदा येऊन बसे. किराणा दुकानाच्या मालकीणबाई केशरबाई सुराणा या तर भर वाचनालयात म्हणाल्या, “माझी सासू बरी होती गं. तिला हो म्हणायला इतका वेळ लागत नसे.” सगळे हसले. कालिंदीही हसली, परंतु ते हसू तिला लागले.

आषाढात तिने एक बदल केला. बटण दाबताक्षणी खूण उमटावी आणि लेख मागाहून उतरावा, अशी व्यवस्था तिने केली. ‘लेख काय, येईलच पाठोपाठ,’ असे तिने स्वतःला सांगितले. तो खरोखर आला की नाही, हे पाहणारी तपासणी मात्र तिने ठेवली नाही. ते काम पुढच्या रविवारी करू, असे म्हणता म्हणता कितीतरी रविवार गेले. इकडे सर्वांनी तिची पाठ थोपटली. केशरबाई म्हणाल्या, “आता कसं! चुटकीसरशी!”

आता, ठेवलेले उघडून वाचण्याची सवय मनुष्यास फार कमी. लोणच्याची बरणीसुद्धा आपण अधूनमधून उघडून पाहतो; ठेवलेला लेख पाहत नाही. म्हणून सहा महिने कोणालाच काही कळले नाही.

त्या बासष्टांपैकी एक होते मैनुद्दीन तांबोळी. ते निवृत्त पोस्टमास्तर. चाळीस वर्षांच्या नोकरीत एक पत्र गहाळ झाले नाही, याचा त्यांना अभिमान होता, आणि तो ते लपवीत नसत. त्यांच्या फडताळात अठरा नोंदी होत्या. रोज सकाळी चष्मा पुसून ते ती यादी वरपासून खालपर्यंत बोटाने मोजीत. एकही लेख उघडीत नसत.

“काका, वाचत का नाही?” कालिंदीने एकदा विचारले होते.

“आहेत एवढं पुरे आहे, बेटी,” ते म्हणाले. “वाचायला अजून धीर होत नाही.” याहून अधिक त्यांनी सांगितले नाही, आणि नियमाप्रमाणे तिनेही विचारले नाही.

१४ डिसेंबर हा मार्गशीर्षातील पहिला गुरुवार. आईने घट मांडला होता आणि कालिंदी फुले निवडीत होती. तेवढ्यात फोनवर एक सूचना आली. ‘पारकट्टा’ हे इंटरनेटवर निघणारे साप्ताहिक, तळशिंगीकरांचे मोठे आवडते, कायमचे बंद होणार होते. रविवार, ३१ डिसेंबर रोजी सायंकाळी सहा वाजता त्याची साइट मिटणार होती. त्यापूर्वी पहिल्या वर्षाचे अंक शनिवारी, २३ तारखेला साइटवरून काढून टाकले जाणार होते.

‘बरे झाले, आपण ठेवून घेतले,’ असे म्हणत कालिंदीने स्वतःच्या फडताळातील ‘पारकट्टा’चा एक लेख सहज उघडला. वर लेखाचे नाव होते. नावापुढे हिरवी खूण होती. खाली पान कोरे होते.

तिने दुसरा लेख उघडला. तो होता. तिसरा उघडला. कोरा.

फुले तशीच टाकून ती यंत्राशी जाऊन बसली. ज्या ज्या वेळी एखादी साइट चटकन उत्तर देत नव्हती, त्या त्या वेळी लेख उतरविण्याचे काम अर्ध्यावर सुटले होते आणि पुन्हा कोणी हाती घेतले नव्हते. खूण आधीच उमटलेली असल्यामुळे ती तशीच झळकत राहिली होती. इतर ठिकाणचे लेख पुन्हा आणता येणार होते. ती ठिकाणे कोठे पळून जात नव्हती. परंतु ‘पारकट्टा’चे सहाशे चाळीस लेख कोरे होते, आणि हाती सतरा दिवस होते.

“कालिंदी, आरतीला येतेस ना?” आईने हाक मारली.

“आले,” ती म्हणाली. आणि आरती संपेपर्यंत सहाशे चाळीस हा एकच आकडा तिच्या डोक्यात टाळ्यांबरोबर वाजत राहिला.

सर्वांना सांगावे, हा विचार तिच्या मनात प्रथम आला. हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे. पाठोपाठ दुसरा आला. फळ्यावरील ते वळणदार अक्षर पुसले जाईल. केशरबाई काय बोलतील? वाचनालयात पाऊल कसे टाकावे? मग तिने हिशेब मांडला. ‘पारकट्टा’च्या साइटवर एकाच ठिकाणाहून फार मागण्या आल्या की तिचे दार आपोआप मिटत असे. तिच्या यंत्राला दिवसाकाठी चाळीस लेख मिळत होते. म्हणजे सोळा दिवसांत सहाशे चाळीस. तीस तारखेला सगळे जागच्या जागी, आणि कोणाला कानोकान खबर नाही! त्या बरोबर जुळलेल्या हिशेबानेच तिचा घात केला. हिशेब न जुळता, तर ती त्याच दिवशी बोलली असती.

पहिले चार दिवस यंत्राने काम चोख केले. सोमवारी, म्हणजे चंपाषष्ठीच्या दिवशी, टोणगावकरांनी तिला टेबलाशी बोलावले.

“सत्तावीस तारखेला वाचनालयाची मोजणी सुरू करतोय,” ते म्हणाले. “या वर्षी फडताळाचीही मोजणी घेऊ. ज्याचं त्यानं उघडायचं आणि बोलायचं.”

तळशिंगीच्या वाचनालयातील मोजणी पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. एकाने रजिस्टरातील क्रमांक पुकारावयाचा. दुसऱ्याने कपाटापाशी उभे राहून त्या पुस्तकावर प्रत्यक्ष हात ठेवावयाचा आणि मगच ‘आहे’ म्हणावयाचे. लांबून ‘दिसतंय की’ म्हटलेले टोणगावकरांना चालत नसे. एकदा वाचनालयाचे अध्यक्ष खुर्चीतूनच ‘आहे’ म्हणाले, तेव्हा त्यांनाही उठून कपाटापर्यंत जावे लागले होते.

“सर, त्याची काय गरज?” कालिंदीने घाईने विचारले. “यादीत तर सगळं दिसतंच.”

“यादीत दिसतं म्हणून कपाटात असतं, असं नाही. रजिस्टर कधी खोटं बोलत नाही, कालिंदी. आपण लिहू तेवढंच ते बोलतं. खोटं बोलतो तो लिहिणारा.”

ते सहज बोलले होते. तिला मात्र वाटले, यांना सारे ठाऊक आहे.

बुधवारपासून हिशेब बिघडला. साप्ताहिक बंद होणार म्हटल्यावर गावोगावचे वाचक त्या साइटवर लोटले. तिची गती मंदावली. चाळीसांऐवजी पंधरा लेख हाती येऊ लागले. कालिंदी कंपनीचे काम करता करता दर दहा मिनिटांनी तो आकडा पाही. जेवताना पाही. दाराची कडी वाजली तरी दचके.

“दोन घासांत उठतेस,” आई म्हणाली. “काय झालंय?”

“काही नाही. कामाचा ताण.”

“ताण असला की तू जास्त जेवतेस. मला नको शिकवूस.”

२३ तारखेला पहिल्या वर्षाचे अंक ठरल्याप्रमाणे साइटवरून काढून टाकण्यात आले. तिच्या कोऱ्या नोंदींपैकी तेवीस त्या अंकांतील होत्या. त्या आता कोठूनही मिळणार नव्हत्या. कालिंदीने मनाची समजूत घातली, ‘बासष्ट माणसांत तेवीस लेख. कोणाचा एक, कोणाचा दोन. कोणाच्या ध्यानात राहणार?’

परंतु मोजणीत कोऱ्या पानावर हात ठेवून कोण ‘आहे’ म्हणणार? म्हणून रविवारी दिवेलागणीला तिने दुसरे एक काम केले. ज्या नोंदी कोऱ्या होत्या, त्या सर्व यादीतून दिसेनाशा केल्या. जो लेख येईल तो पुन्हा दिसू लागेल; जो येणार नाही तो कधी होता हेच कोणाला कळणार नाही. एका ओळीची आज्ञा होती. मग तिने ती दिली. त्या रात्री, दहा दिवसांत प्रथमच, तिला शांत झोप लागली. वाईट काम पुरे झाले की अशी झोप लागते. तिच्यावर विश्वास ठेवू नये.

सोमवारी सकाळी ती वाचनालयात गेली, तेव्हा तांबोळीकाका नेहमीच्या बाकावर होते. चष्मा पुसून झाला होता. बोट यादीवरून वरून खाली आले, थांबले, आणि पुन्हा वर गेले.

“अकराच कसे?” ते पुटपुटले. त्यांनी पुन्हा मोजले. मग मान वर करून विचारले, “केशरबाई, तुमच्या यादीत काही कमी झालंय का हो?”

“मी कुठं मोजते!” केशरबाई म्हणाल्या. “मला माझ्या नातवंडांचीसुद्धा मोजदाद राहत नाही. काय हरवलं?”

“आपाचे लेख. हमीदा, माझी थोरली बहीण. शाळेत शिकवायची. आमच्या मोहल्ल्यातल्या माणसांवर लिहायची ‘पारकट्टा’त, कल्हईवाला, अत्तरवाला, पिंजारी. अठरा लेख झाले आणि श्रावणात ती गेली. तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या आत मी ते सगळे ठेवून घेतले होते.” त्यांनी पुन्हा यादीकडे पाहिले. “म्हणजे मला तसं वाटत होतं.”

“ठेवले असतील तर जातील कुठं?” केशरबाई म्हणाल्या. “काय गं कालिंदी, फडताळातून लेख पडतात का खाली?”

कालिंदी उभी होती तेथेच राहिली. उत्तर देण्यास तिला क्षणभराचा अवधी होता. तो तिने जाऊ दिला, आणि पोस्टमास्तरांनीच ते उत्तर देऊन टाकले.

“तिला कशाला विचारता! तिची वस्तू चोख आहे. माझाच हात हल्ली थरथरतो. सात वेळा बटण दाबलंच गेलं नसेल, आणि मी मात्र रोज अठरा मोजत बसलो. म्हातारा झालो, दुसरं काय!” त्यांनी फोन बंद करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. “चाळीस वर्षं एक पत्र हरवलं नाही माझ्या हातून. आणि घरचीच हरवली.”

कालिंदी घरी आली ती धावतच. आपल्या फोनवर तिने ‘पारकट्टा’ उघडला आणि हमीदा तांबोळी हे नाव शोधले. लपविलेल्या नोंदींशी एकेक लेख ताडून पाहिला. सातांपैकी सहा साइटवर अजून होते. ते तिने लगेच उतरवून घेतले. सातवा हमीदांचा अगदी पहिला लेख होता, ‘अम्मीची पानं’. तो पहिल्या वर्षाच्या अंकातील. शनिवारीच गेलेला; लेखिकेच्या यादीत त्याचे नुसते नाव उरले होते.

आता खरी कसोटी आली. सहा लेख परत यादीत जाऊन बसले असते. काकांनी उद्या सतरा मोजले असते. ‘बघा, मीच चुकीचं मोजलं,’ असे म्हणून ते हसले असते, आणि एक लेख ठेवावयाचा राहिला याचा दोष त्यांनी जन्मभर स्वतःच्या थरथरत्या हाताला दिला असता. कोणी तिला विचारावयास येणार नव्हते. ज्याची वस्तू गेली, तो स्वतःच गुन्हा कबूल करून बसला होता.

संध्याकाळभर कालिंदी खिडकीत बसून राहिली. ‘तिची वस्तू चोख आहे’ हे शब्द तिला शिवीसारखे ऐकू येत होते. आजवर आपण लेख हरविला, असे ती मानीत होती. आता तिच्या ध्यानात आले की आपण एका माणसाचा स्वतःवरील विश्वास काढून घेतला आहे. आणि तो कोणत्याही साइटवरून पुन्हा उतरवून आणता येत नाही.

मंगळवारी दत्तजयंती होती. सकाळी आठ वाजता ती तांबोळीकाकांच्या दारी उभी राहिली. ते ओसरीवर उन्हात बसले होते. हातात फोन होता.

“ये बेटी, बस. बरी आलीस. जरा बघ, माझं बोट नीट पडतंय का?” त्यांनी हवामानाची कसलीशी बातमी उघडली आणि ‘ठेवा’ दाबले. हिरवी खूण उमटली. “सकाळपासून बारा वेळा दाबलं. बाराही वेळा खूण आली. मग तेव्हाच कसं चुकलं असेल?”

“काका, तेव्हाही चुकलं नव्हतं.”

मग ती बोलली. आषाढातील बदल, अर्ध्यावर सुटलेले लेख, चौदा तारीख, आणि रविवारी लपविलेल्या नोंदी. काहीच तिने मागे ठेवले नाही.

“म्हणजे अठराही मी दाबले होते?” शेवटी त्यांनी विचारले.

“अठराही.”

त्यांनी आपला उजवा हात वर करून उलटसुलट पाहिला आणि सावकाश गुडघ्यावर ठेवला. “हात खरा आहे तर.” त्यांचा चेहरा उजळला, पण घटकाभरच. “लेखांचं काय?”

“सहा आणलेत. तुमच्या यादीत दिसतील, वाचताही येतील. एक गेला.”

“कोणता?”

“अम्मीची पानं.”

रस्त्यावरून दत्ताच्या पालखीचे ताशे वाजत गेले.

“अम्मी विड्याची पानं कशी लावायची, त्याच्यावर होता तो. छापायला द्यायच्या आधी आपानं मला फोनवर वाचून दाखवला होता.” मग त्यांनी विचारले, “त्यांनी तो साइटवरून काढला कधी?”

“तेवीसला.”

“आणि तुला कळलं चौदाला.” पोस्टमास्तरांनी बोटांवर मोजले. “नऊ दिवस. एका दिवसात मी तो हातानं उतरवून काढला असता.”

कालिंदीने मान खाली घातली. तिला वाटले, यांनी ओरडावे. ते ओरडले नाहीत.

“पोस्टात एखादं पाकीट भिजायचं, फाटायचं,” ते म्हणाले. “आम्ही त्याच्यावर तसा शेरा मारून ज्याचं त्याला पोचवायचो. लोक शिव्या द्यायचे, त्या खायच्या. पण रिकामं पाकीट चिकटवून कुणाच्या हातात कधी दिलं नाही.” काठी टेकून ते उठले. “उद्या मोजणीत सांगणार आहेस?”

“हो. तुम्ही नका येऊ, काका. तुम्हाला उगीच त्रास.”

“नोंदी माझ्या आहेत. ‘आहे’ कोण म्हणणार? मी येईन.”

बुधवारी वाचनालय भरले. सभासदांच्या बाकांपुढे उभे राहून कालिंदीने सर्व सांगितले. रात्री तिने चांगली चांगली वाक्ये जुळविली होती. त्यांपैकी एकही आठवले नाही. “खूण मी आधी दिली आणि लेख नंतर आणणार होते. आणले नाहीत. कळल्यावरही तेरा दिवस गप्प बसले, आणि कोऱ्या नोंदी लपवल्या.” एवढेच तिला बोलता आले.

केशरबाईंनी लगबगीने फोन काढून आपले फडताळ चाळले.

“अगंबाई!” केशरबाई म्हणाल्या. “म्हणजे माझ्या आवळ्याच्या मुरंब्यापुढेही नुसती खूणच? मला वाटायचं, तोंडदेखलं हो म्हणणारी माझी सासूच एकटी!” मग त्यांचा स्वर खाली आला. “चूक आमचीही आहे म्हणा. चटकन हवं, चटकन हवं, म्हणून हिच्या मागं लागलो आपणच.”

“घाई तुम्ही केलीत,” टोणगावकर म्हणाले. “खूण हिनं केली. दोन्ही निरनिराळं आहे.” ते कालिंदीकडे वळले. “किती राहिलेत?”

“तीनशे चव्वेचाळीस. त्यांतले तेवीस मिळणारच नाहीत. बाकीचे यंत्राला दिवसाला पंधराच मिळतायत.”

“दिवसाला पंधरा, म्हणजे चार दिवसांत साठ.” त्यांनी चष्म्यावरून सभोवार पाहिले. “यंत्र एक आहे. आपण किती आहोत?”

हा उपाय कालिंदीला सुचला नव्हता, असे नाही. साइट अडवीत होती ती एकाच ठिकाणाहून येणाऱ्या मागण्यांना. बासष्ट फोन म्हणजे बासष्ट ठिकाणे. परंतु त्यासाठी बासष्ट जणांना आधी सांगावे लागले असते, म्हणून पहिल्याच दिवशी तिने तो विचार मनाच्या तळाशी दडपला होता. आता तिने लपविलेल्या नोंदी पुन्हा दाखविल्या. वाचनालयाचे वायफाय बंद केले आणि ज्याचे त्याला स्वतःच्या फोनचे इंटरनेट चालू करून दिले. जुनी खूण काढून टाकली. यापुढे लेख पूर्ण आल्याशिवाय खूण उमटणार नव्हती.

मग चार दिवस तळशिंगीच्या वाचनालयात अशी मोजणी झाली की तशी पूर्वी कधी झाली नव्हती. एका बाजूस कपाटे, दुसऱ्या बाजूस फोन. टोणगावकर क्रमांक पुकारीत. ज्याची नोंद असेल तो ती उघडी, पान उतरेपर्यंत थांबे, पहिली ओळ आणि शेवटची ओळ डोळ्यांखालून घाली, आणि मगच म्हणे, ‘आहे.’ कोणाचे अडले तर शेजारचा उठे. केशरबाई फोनवर तर्जनी टेकवून दहा सेकंद श्वास रोखून बसत आणि खूण उमटली की म्हणत, “आली बाई एकदाची! सासूबाई, माफ करा.”

रविवार, ३१ डिसेंबर. सायंकाळी साडेपाच वाजता शेवटची मिळणारी नोंद झाली. ‘पारकट्टा’ मिटावयास अर्धा तास उरला होता. राहिल्या होत्या त्या तेवीस. टोणगावकरांनी रजिस्टर कालिंदीपुढे सरकविले.

“हे तू लिहायचंस. ‘नाही’ हाही मोजणीतलाच शब्द आहे. कारणासकट लिही.”

ती एकेक क्रमांक पुकारी, आणि ज्याचा तो लेख, तो म्हणे, ‘नाही.’ बावीस झाले. तेविसाव्याला तांबोळीकाका उठून टेबलापाशी आले.

“हमीदा तांबोळी,” कालिंदीने वाचले. “अम्मीची पानं.”

पोस्टमास्तरांनी रजिस्टरातील त्या रिकाम्या ओळीवर आपला उजवा हात ठेवला. “नाही,” ते म्हणाले. मग हात उचलून त्यांनी तिला जागा करून दिली.

कालिंदीने कारणाच्या रकान्यात लिहिले: ‘माझ्या हातून गेले. दि. १४ रोजी कळले. त्याच दिवशी सांगितले असते तर राहिले असते.’ खाली तिने पूर्ण नावाने सही केली. टोणगावकरांनी ती ओळ वाचली, टिपकागद फिरविला आणि फळ्याकडे पाहिले. फळ्यावरील फडताळाचे नाव त्यांनी पुसले नाही.

तांबोळीकाका बाकावर परतले. त्यांनी चष्मा पुसला आणि आपाचे लेख अठरांऐवजी सतरा मोजले. मग, श्रावणानंतर पहिल्यांदाच, त्यांनी त्यांतील एक लेख उघडला आणि वाचावयास सुरुवात केली.

तात्पर्य: हात लावल्याशिवाय ‘आहे’ म्हणू नये; आणि म्हटले गेलेच, तर ज्याचे गेले त्याला त्याच दिवशी सांगावे. लपविलेली चूक एकट्याला निस्तरावी लागते आणि तिचा दोष निरपराध्याच्या माथी बसतो. सांगितलेल्या चुकीला मात्र दुरुस्तीसाठी अनेक हात लाभतात.